साळिंदराचा मुलूख

पास्कूअंकल भेटेल त्या माणसाची जात ठरवून टाकत. जाती दोनच, जमिनीवरचा आणि झाडावरचा. जमिनीवरचा म्हणजे दोन वर्षं नोकरी करून गावी परतणारा. झाडावरचा म्हणजे शेपटीनं फांदी धरून बसलेला, कितीही हलवा, पडत नाही. मला त्यांनी पहिल्याच भेटीत झाडावर बसवलं.

वसईचे पास्कूअंकल कतारच्या राजधानीत, दोह्यात, एका इस्पितळात फायली लावत आणि तिथल्याच अल गराफा भागात आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहत. त्यांच्या डोक्यात एकच प्राणी होता, दक्षिण अमेरिकेतलं साळिंदर. आपल्याकडचं बिळात राहतं, ते झाडावर. शेपटीनं फांदी पकडतं आणि त्याचं कुळच निराळं. त्याच्या प्रजाती दोन मानाव्यात की एकच, यावर शास्त्रज्ञ भांडत होते. अंकलही भांडत, पण मासळीवाल्याशी. सुरमई कापून होईपर्यंत त्या बिचाऱ्याला "पूँछ देखो भाई, पूँछ" असं समजावत राहत.

हे वेड मुलीमुळे लागलं. त्यांची रोझी सिस्टर झाली आणि मिशननं तिला पेरूला पाठवलं. कॉन्व्हेंटमागच्या झाडावर एक काटेरी पाहुणा खुडबुडत असतो, त्यामुळे एकटं वाटत नाही, असं ती एकदा फोनवर बोलून गेली. झालं! अंकलनी भिंतीवर नकाशा लावला आणि जिथे जिथे ते साळिंदर सापडतं, तिथे लाल टाचण्या टोचल्या.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा आटोपली की रोझीला फोन, हा त्यांचा नेम. एका शुक्रवारी ते फोन ठेवून धावतच आमच्याकडे आले. रोझीची बदली बोलिव्हियाला झाली होती. तिथे साळिंदर आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. "यल्ला, यल्ला" अशी अरबीत घाई करत त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. नेट दर पाच मिनिटांनी तुटत होतं, पण शेवटी बोलिव्हियात साळिंदर निघालं! अंकलनी मला मिठी मारली, हिनं केलेला चहा उभ्याउभ्याच प्यायले आणि टाचणी लावायला पळाले.

मी मागोमाग गेलो. साळिंदर होतं पूर्वेच्या उतारावरच्या जंगलात. अंकलची टाचणी होती पार वर, रोझीच्या गावावर, उघड्याबोडक्या पठारावर.

"अंकल, तिथे झाडंच नाहीत," मी म्हणालो.

"ठाऊक आहे रे." त्यांनी अंगठ्यानं टाचणी आणखी दाबली. "ती लहान होती तेव्हा मी इथे होतो. आता तरी तिच्यापाशी कुणीतरी असू दे."

एवढ्या उंचावर एकटं साळिंदर तरी काय करील, असं म्हणून मी डबीतली आणखी एक टाचणी त्यांच्या हातात दिली.