आन्सेल्मोकाकांचं वांगं

"अल्माग्रोत चांगलं खायला कुठे मिळतं, ते मला विचारा," असं आन्सेल्मोकाका चाळीस वर्षं छाती पुढे काढून सांगत आले होते. कोपऱ्यावर त्यांचं मांसाचं दुकान, आणि बुएनोस आइरेसच्या त्या पेठेत त्यांचा शब्द शेवटचा. मग डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि तीन महिने मांस बंद केलं.

"घरी उकडलेला भोपळा आहे," बायको नेलीदा म्हणाली, "नाहीतर शोधा तुम्हीच."

"आठवड्यात पेठेतली सगळ्यात उत्तम शाकाहारी खानावळ काढून दाखवतो."

"आणि कुणी पाहिलं तर?"

हा मात्र खरा पेच होता. खाटीकच पालेभाज्या खातो म्हटल्यावर गिऱ्हाईक कशाला फिरकेल? दुकान बसलंच म्हणायचं. म्हणून त्यांनी जावयाची टोपी, नेलीदाचा काळा चष्मा आणि नाकापर्यंत मफलर चढवला. आरशातला माणूस बँक लुटायला निघाल्यासारखा दिसत होता.

पहिल्या खानावळीत मोड आलेलं काहीतरी आलं. खाली काही दडलंय का, म्हणून काकांनी ते दोनदा उलटून पाहिलं. दुसऱ्या ठिकाणच्या सोयाबीनच्या तळलेल्या कापाने त्यांची कवळी हलवली. तिसरी खानावळ मात्र आडगल्लीत होती, आणि तिच्या अंगणात चक्क कोळशाची भली मोठी शेगडी! वर वांगी, भोपळी मिरच्या, चीजच्या जाड चकत्या. काकांचा जीव भांड्यात पडला.

पण शेगडीवरच्या मुलीने नुसता जाळ केला होता. वांगी बाहेरून कोळसा, आतून कच्ची. काकांनी पाच मिनिटं कसंबसं सोसलं.

"अगं, जाळावर भाजतात का कुणी? निखारे पसर, राख धरू दे त्यांच्यावर."

"आजोबा, तुम्ही बसा ना."

"माझ्या डोळ्यांदेखत वांग्याचे हाल होऊ देणार नाही मी. दे तो चिमटा इकडे."

अर्ध्या तासात वांगी लोण्यासारखी झाली. लोक बोटं चाटू लागले, आणि कुणीतरी ओरडलं, "शेगडीवाल्यासाठी टाळ्या!"

इथेच घात झाला. आमच्याकडे शेगडीवाल्याला टाळ्या मिळाल्या की तो टोपी काढून वाकतो, हात आपोआप जातो. काका वाकले. टोपी हातात आली, मफलर सुटला, चष्मा निखाऱ्यांत पडला.

"अरे, हे तर आपले खाटीककाका!"

काकांना डोळ्यांपुढे दुकानाचं शटर खाली येताना दिसलं.

तेवढ्यात कोपऱ्यातलं मेनूकार्ड हळूच खाली आलं. मागे देल्फीनाबाई, दुकानाचं वीस वर्षांचं पक्कं गिऱ्हाईक. शेजारी खांबाआड औषधवाले रोके. आणखी तीन ओळखीचे चेहरे वर्तमानपत्रांमागून उगवले. सगळेच पकडले गेल्यावर लाजायचं कुणी कुणाला? पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जोरात, आणि शेगडीवरच्या मुलीने काकांना दर गुरुवारी शेगडीवर यायची गळ घातली. काकांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला, की पेठेतली उत्तम शाकाहारी खानावळ हीच, गुरुवारी तर फारच उत्तम.

मग ते देल्फीनाबाईंच्या टेबलाशी वाकले. "तुम्हालाही डॉक्टरांनी सांगितलं?"

"छे. बारा वर्षं झाली मला मांस सोडून."

"मग दर शनिवारी दोन किलो फासळ्या?"

"कुत्र्याला हो. दुसऱ्या दुकानातलं आणलं तर तोंड लावत नाही."

काकांनी हातातली टोपी डोक्यावर चढवली. मग बाईंच्या कुत्र्यासाठी त्यांनी पुन्हा एकदा टोपी काढली.