सात नंबरची खुर्ची

माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि तिथून संस्कृतीला सुरुवात झाली, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. शेती, लिपी, न्यायालयं, विमा हे सगळं त्यानंतरचं. याचा सरळ अर्थ असा की जो खाली बसला, तो तेवढ्यापुरता मागे गेला. आमच्या वस्तीच्या टोकाला जे महाभांडार उघडलं आहे, त्याने हे तत्त्व ओळखलं आणि अमलात आणलं. या कामी आमच्या ताईचा एक गुडघा उपयोगी पडला, म्हणून ही हकिकत रीतसर लिहून ठेवतो आहे.

महाभांडाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत जायला अकरा मिनिटं लागतात. (ट्रॉली घेतली तर तेरा, कारण प्रत्येक ट्रॉलीचं एक चाक अडतं.) आत एक्केचाळीस प्रकारचे साबण आहेत आणि ते सगळे इतर कुठल्याही दुकानापेक्षा स्वस्त आहेत, हे मी स्वतः हिंडून पाहिलं आहे. आता इतर दुकानं उरली नसल्यामुळे ते पुन्हा तपासता येत नाही, पण विश्वास म्हणून काही असतोच की.

मी पूर्वी शिंपी होतो. हे मी कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. महाभांडारात शर्ट मिळू लागले, त्यातला एक मी विकत आणला. माझ्या दुकानात शर्टाला जी बटणं लागत, त्यांच्या किमतीत अख्खा शर्ट. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तो शर्ट उसवून पाहिला. शिवण वाईट होती असं नाही. ती कुणीतरी फार घाईत घातलेली होती, एवढंच. आठवड्याभरात मी दुकानाला कुलूप लावलं. आता मी घरी बसून महाभांडारातल्या शर्टांची बटणं पुन्हा लावून देतो. ती तिसऱ्या धुण्याला पडतात, त्यामुळे धंद्याला मरण नाही.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, गल्लीतल्या किराणा दुकानात एकोणीस वर्षं हिशेबाला होती. किराणावाल्या काकांनी तिला बसायला एक लाकडी खुर्ची दिली होती आणि तिच्यावरची गादी मी शिवली होती, उरलेल्या पँटच्या कापडाची, चारही कोपऱ्यांना दुहेरी टाके घालून. महाभांडार उघडलं तसं काकांचं गिऱ्हाईक आटलं. गल्लीतल्या कुणीही काकांना तोंडावर दुखावलं नाही, हे आवर्जून नमूद करायला हवं. आम्ही सगळे महाभांडारातून येताना पिशवीवरचं नाव आतल्या बाजूला फिरवून घेत असू, म्हणजे दुकानावरून जाताना काकांना वाईट वाटू नये. काका आम्हाला हात करत, आम्हीही मोकळ्या हाताने हात करत असू. आठव्या महिन्यात काकांनी दुकान बंद केलं, तेव्हा हळहळ फार झाली.

पण महाभांडार कुणाला वाऱ्यावर सोडत नाही. काकांना त्यांनी दारावर ठेवलं. नारिंगी जाकीट घालून काका येणाऱ्या प्रत्येकाला "या, स्वागत आहे" म्हणतात, दिवसाला साधारण अकराशे वेळा. पूर्वी ते प्रत्येकाच्या आईची तब्येत विचारत, आता तेवढा वेळ मंजूर नाही. ताईला सात नंबरचं काउंटर मिळालं. पगार पूर्वीपेक्षा कमी होता, पण व्यवस्थापकांनी तिला नीट समजावलं की माल स्वस्त असल्यामुळे कमी पगारही खरं तर जास्तच असतो. माल स्वस्त का, असं ताईने विचारलं. पगार कमी असल्यामुळे, असं त्यांनी सांगितलं. यात कुठेही खोट काढता येत नाही, मी पुष्कळ प्रयत्न केला.

अडचण एकच होती. ताईच्या डाव्या गुडघ्यातली गादी झिजली आहे आणि फार वेळ उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. तिने तीन प्रतींत अर्ज केला आणि काकांच्या दुकानातली ती जुनी खुर्ची स्वतःच्या खर्चाने सात नंबरला आणून ठेवायची परवानगी मिळवली. बावीस काउंटरांत मिळून ती एकच खुर्ची होती. ताईने पहिल्या दिवशी मला सांगितलं, "बारक्या, ही खुर्ची आहे तोवर मी नोकरी करीन. ती गेली की मी गेले." (मी बावन्न वर्षांचा आहे. ताईच्या लेखी मी बारक्याच.)

आता मुख्य विषय. महाभांडारात दाराजवळ एक पेटी आहे, तिच्यावर 'भाव उतरवा' असं लिहिलं आहे. सवलत कार्ड असलेल्या कुणाही ग्राहकाने, कुठला खर्च कमी केला तर माल स्वस्त होईल, हे चिठ्ठीवर लिहून त्या पेटीत टाकायचं. चिठ्ठीवर नाव लिहायचं नसतं, त्यामुळे सूचना मोकळ्या मनाने येतात. पसंत पडलेली सूचना सगळ्या कार्डधारकांच्या मताला टाकली जाते. आजवर मंजूर झालेल्या काही सूचना अशा: कोठारातले एकाआड एक दिवे काढणे (काडेपेट्या दोन टक्के स्वस्त); पोती उचलायला दोघांऐवजी एक माणूस ठेवणे (साखर एक टक्का); कर्मचाऱ्यांच्या खोलीतला पंखा काढणे (पंखे चार टक्के). ग्राहक इतका जागरूक झालेला मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

एका सोमवारी पेटीशेजारच्या फलकावर सूचना क्रमांक एकशे अठरा लागली. 'सात नंबरवरील खुर्ची काढणे. बसलेला कर्मचारी दर वस्तूमागे पाऊण सेकंद अधिक घेतो. खुर्ची काढल्यास अंगाचा साबण वडीमागे अर्धा टक्का स्वस्त.' हा पाऊण सेकंद मुख्य कचेरीतून आलेल्या एका माणसाने तीन दिवस घड्याळ लावून मोजला होता. (तो स्टुलावर बसून मोजत होता.) मताच्या चिठ्ठीवर दोन चौकोन होते, 'काढा' आणि 'ठेवा'. खूण कशी करायची ते लोकांना कळावं म्हणून भरलेल्या चिठ्ठीचा एक नमुना दोऱ्याने फलकाला टांगला होता. त्यात 'ठेवा'वर खूण होती. 'काढा'वर केली तर लोकांवर दबाव येईल, असं व्यवस्थापकांचं म्हणणं पडलं. त्यांच्या निःपक्षपातीपणाचं गल्लीत कौतुक झालं.

त्या आठवड्यात ताईच्या घरी रीघ लागली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, तुमची खुर्ची काढायची म्हणजे काय! आम्ही काय मेलोय का?" ताईचे दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा. माझ्या ओळखीची साठ माणसं आहेत." पोस्टमन तर खुर्चीसाठी मोर्चा काढायला निघाला होता, पण शनिवारी महाभांडारात बादल्यांवर सवलत असल्यामुळे मोर्चा पुढे ढकलावा लागला. ताई सगळ्यांना चहा देत होती आणि तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा उठत होती.

रविवारी मतदान झालं. मतदानाची जागा पडद्याने झाकली होती (पडद्यावर किमतीची चिठ्ठी होती, तोही विकायचाच होता). मी आत गेलो, पेन्सिल उचलली आणि थोड्या वेळाने बाहेर आलो. बाहेर सगळे ओळखीचे चेहरे होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहून मान डोलावत होता. इतकं समाधानाचं वातावरण मी आमच्या वस्तीत कधी अनुभवलेलं नाही.

निकाल: 'काढा' दोन हजार तीनशे सोळा. 'ठेवा' एक.

त्याच संध्याकाळी मी ताईकडे गेलो. ती पाय लांब करून जमिनीवर बसली होती आणि गुडघ्याला तेल चोळत होती. मी तिच्याजवळ बसलो, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "ताई, लोक काय, आज इकडे उद्या तिकडे. पण ते एक मत होतं ना, ते माझं होतं."

"तू तेविसावा," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"आधी वहिनी आल्या, त्यांचं होतं. मग भाऊजी, त्यांचंही तेच. पोस्टमन रडला बिचारा माझ्यासमोर. काकासुद्धा येऊन गेले. सगळ्यांचं तेच एक मत."

मी म्हणालो, इतर लोक खोटं बोलत असतील.

"बारक्या, मतं मोजायला आम्ही काउंटरवालेच होतो, कामाचे तास संपल्यावर. ती चिठ्ठी माझ्याच हातात आली. तिला दोरा होता."

"कसला दोरा?"

"फलकावरचा. नमुन्याची चिठ्ठी होती ती. झाडताना कुणीतरी चुकून मतपेटीत टाकली."

मी तेलाची वाटी तिच्याजवळ सरकवली. मग मी, काहीतरी बोलायला हवं म्हणून, विचारलं की तिचं स्वतःचं मत कुठे गेलं. कर्मचाऱ्यांकडेही सवलत कार्ड असतं; त्यांच्या पगारात दुसरीकडे खरेदी परवडली नसती, आणि दुसरीकडे काही नाहीच.

"मी पण 'काढा'वरच खूण केली," ताई म्हणाली. "म्हटलं, एवढी माणसं येऊन सांगून गेलीत, खुर्ची काही जात नाही. आणि साबण मलाही लागतो ना रे. तुमचा कुणाचा राग नाही आला मला. त्या माझ्या चिठ्ठीची लाज वाटली."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. माझा हिशेबही अगदी हाच होता: ताई जिंकणारच, मग माझ्या एका मताने काय बिघडतं, आणि जमलंच तर साबण स्वस्त. याला कुणी फितुरी म्हणेल, पण आकडेमोडीत चूक नव्हती. फक्त तीच आकडेमोड दोन हजार तीनशे सोळा जणांनी केली होती.

ताईने नोकरी सोडली नाही. जाणार कुठे? ती आता नऊ तास उभी असते. भार उजव्या पायावर टाकते, त्यामुळे उजवा गुडघाही डाव्याच्या बरोबरीला आला आहे. साबण शब्द दिल्याप्रमाणे अर्ध्या टक्क्याने उतरला. (वडी पूर्वीपेक्षा बारीक आहे, पण वेष्टन तेवढंच आहे.) खुर्ची त्यांनी फर्निचर विभागात ठेवली, 'किंचित वापरलेली, गादीसह, निम्म्या किमतीत'. कोपऱ्यांचे टाके पाहून मी लगेच ओळखली आणि लगेच विकत घेतली. इतक्या स्वस्तात अशी खुर्ची आता मिळत नाही. हे सगळं मी तिच्यावर बसूनच लिहितो आहे. मागे एकदा ताई आली तेव्हा मी उठून तिला बसायला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे, सवय राहिली नाही," आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

कालपासून फलकावर सूचना क्रमांक एकशे एकोणीस लागली आहे. 'सात नंबरवरील कर्मचारी काढणे. ग्राहकांनी आपल्या वस्तूंची बेरीज स्वतः करावी. साबण आणखी एक टक्का स्वस्त.' मतदान येत्या रविवारी. कागदाची बचत व्हावी म्हणून या वेळी नमुन्याची चिठ्ठी टांगलेली नाही.

वाचकहो, मी असतो तर 'ठेवा'वरच खूण केली असती, असं तुम्ही मघापासून मनात म्हणत आहात, हे मला दिसतं आहे. तुमच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे. ताईला हे प्रत्यक्ष सांगितलंत तर तिलाही बरं वाटेल. रविवारपर्यंत ती सात नंबरवरच आहे. रांग मोठी असते, पण सरकते. सांगून झालं की आपलं सामान उचला, आणि बाहेर पडताना पिशवीवरचं नाव तेवढं आतल्या बाजूला फिरवून घ्या.