मेहरूणमार्गे सर्व थांबे

साक्रीच्या बदलीचा हुकूम तोतारामने कुंदाबाईसमोर ठेवला, तेव्हा तिने तव्यावर टाकलेली भाकरी करपेपर्यंत उलटलीच नाही.

"चौदा वर्षं जळगावात काढली," ती म्हणाली, "अन् पाहिलं काय? भाजीबाजार आणि रॉकेलची रांग! साक्रीच्या बाया विचारतील, जळगावले काय काय शे? मी काय सांगू त्यांना?"

तोताराम एसटी डेपोत वेळापत्रकं आखायचा. त्याला गलबलून आलं. हातात एकच रविवार होता. त्याने कागद घेतला आणि उतरवून काढलं: गांधी उद्यान, जुन्या गावातलं राममंदिर, गिरणेचा पूल, मेहरूणचा तलाव. तलावाशी कुंदाबाईने बोट टेकवलं. "हा नक्की."

शेजारच्या भिकुबाई दारातून डोकावल्या. "भाऊ, मेहरूणले जाशात आन् मनी नणंद पार्वताबाईकडे नही जाशात? तिले काय सांगू मी?"

गावोगावचे लोक डेपोत थांबा मागायला येत आणि तोतारामच्या तोंडून 'नाही' म्हणून निघत नसे. सवयीने त्याने लिहिलं: तलाव, मार्गे पार्वताबाई, दहा मिनिटं.

मग उद्यानाजवळ कुंदाबाईचे मामा भिकनआबा निघाले. राममंदिराच्या बोळात कापडवाल्या हस्तीमलशेठच्या हीराबाई. पुलाच्या वाटेवर ड्रायव्हर भाईदास. शनिवारपर्यंत कागदावर एवढे बाण झाले की त्याने पक्का तक्ता काढला. डेपोतल्या तक्त्यात थांबेच लिहितात, तसे याही तक्त्यात माणसांचे थांबेच उतरले; पाहायची ठिकाणं गळून गेली. कच्चा कागद चुलीत गेला.

रविवारी कुंदाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून गुणगुणतच निघाली,

"तळं पाहीन बाई, बोरीच्या झाडाखाली,
चौदा वर्सांची माझी तहान राहून गेली."

भिकनआबांनी चपलाच लपवल्या. "जेवल्याबिगर जायचं नाही."

"आबा, बाग पाहायची आहे."

"बाग कुठं पळते? मी ऐंशीचा झालो, मी पळेन!"

हीराबाईंकडे पोचले तर त्या म्हणाल्या, "मंदिर दुपारी बंद असतं बाई. बसा, पापड भाजते." मंदिर उघडलं तेव्हा पापडांमागून शेवया आल्या होत्या. भाईदासच्या घरी पुलाचं नाव काढलं, तर तो कळवळला, "साहेब, रोज दोनदा जातो मी त्यावरून. सुट्टीच्या दिवशी तरी पूल नका दाखवू!"

बाहेर पडल्यावर कुंदाबाईने विचारलं, "आता पुढे काय?"

तोतारामने तक्ता पाहिला, उलटा करून पाहिला. "पार्वताबाई."

"ते पाहायचं ठिकाण आहे की चहाचं?"

"तक्त्यात तर पाहायच्याच ठिकाणासारखं दिसतंय."

मेहरूणला पोचले तेव्हा दिवस कलला होता. "तलाव?" पार्वताबाई हसल्या. "या भिंतीपलीकडे. पंचवीस वर्षं झाली, मलाच सवड नाही मिळाली. आधी बसा तर खरं!"

बसले. उठले तेव्हा गुडुप अंधार झाला होता. मागच्या दारातून ओला वारा आला, पाण्याचा वास आला, पाणी मात्र दिसलं नाही. कुंदाबाईने पदराने डोळे टिपले. तोतारामला तिच्याकडे बघवेना. सकाळी सामानाचा ट्रक यायचा होता.

साक्रीत तिसऱ्याच दिवशी नळावर रुक्माबाईने विचारलं, "जळगावले काय काय शे वो बाई?"

ओट्यावर कडी ठोकणाऱ्या तोतारामचा हातोडा वरच थांबला.

कुंदाबाईने हंडा खाली ठेवला आणि ती सांगू लागली. पार्वताबाईंचा गुडघा, त्याला लागलेले अकरा लेप, अकराव्याने चढलेला हिरवा रंग. भिकनआबांची कवळी, जी फक्त लग्नात लागते. हीराबाईंची सून, जी सासूशी बोलत नाही पण तिच्यावाचून जेवतही नाही. हंडे भरून वाहू लागले, कुणी उचलेना. एकीने डोळे पुसले, दुसरी हसून हसून कट्ट्यावरच बसली.

"मले भाचीकडे जानं शे जळगावले," रुक्माबाई म्हणाली. "पहिले गुडघा पाहसू. मंग आबा."

"आणि तलाव?" तोतारामला राहवलं नाही.

साऱ्या बाया एकदम वळल्या. रुक्माबाईचा चेहरा काळजीने उतरला.

"तलावले काय झायं?"