हॅरिसनचे वडील

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हॅरी आपला मुलगा न्यायला सांगलीत आला.

हॅरी उंच, पाठीत वाकलेला, यॉर्कशायरकडचा, काही शतकांचा म्हातारा होता. बूट दाराबाहेर काढून तो सोफ्याच्या कडेला बसला आणि त्याने पाणी मागितलं. मराठी बरं बोलायचा. हल्ली त्याच्या इकडे बऱ्याच फेऱ्या व्हायच्या. म्हणणं साधंच होतं. हॅरिसन म्हणजे हॅरीचा मुलगा. त्याच्या गावाकडे हे आडनाव होतं आणि नावाच्या शेवटी निमूट पडून असायचं, तोवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. आता लोकांनीच ते उचलून पुढे आणलं आणि पोराच्या कानात सांगितलं, तर तो तरी काय करणार?

सुश्रुत ओगलेने कालच आपल्या मुलाचं नाव हॅरिसन ठेवलं होतं. नाव त्याच्या बायकोने, शर्वरीने, निवडलं होतं. परदेशात कुणाची जीभ अडखळायला नको, वर्गात त्याच नावाचा दुसरा निघायला नको, आणि ऐकायला कसं भारदस्त. सुश्रुतनेही मान डोलावली होती. अर्थ बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

नाव बदलतो, असं तो घाईघाईने म्हणाला. कानात गेलेलं नाव बाहेर निघत नाही, असं हॅरीने दिलगिरीच्या सुरात सांगितलं. सुश्रुतने बहिणीला फोन केला, कारण आत्या म्हणून कुर्र तिनेच केलं होतं. तीही तेच म्हणाली, आणि नाव ठरवताना मला विचारलं होतंत का, हेही तिने ऐकवून घेतलं. तोवर हॅरीने बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढला होता. बाळ लगेच झोपलं. सुश्रुतच्या खांद्यावर ते कधीच इतक्या पटकन झोपलं नव्हतं. खाली रिक्षा थांबलेली होती.

शर्वरी उठली आणि आतून पाट, ताट आणि तांदूळ घेऊन आली. तांदूळ पसरून तिने अंगठीने त्यात लिहिलं: हॅरी. लग्नात सुश्रुतने तिचं नाव याच ताटात लिहिलं होतं. त्याआधी ती प्राची होती.

"बस," ती सुश्रुतला म्हणाली.

"माझं नाव जन्मापासूनचं आहे, शर्वरी."

"माझंही होतं. सुरुवातीला हाक आपल्यालाच मारलीय हे कळत नाही. मग कळायला लागतं."

सुश्रुतला रडू येत होतं. त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावरच्या पोराकडे पाहिलं आणि तो पाटावर बसला.

हॅरीने चष्मा लावून ताट वाचलं. मुलगा हॅरीचाच राहतोय, तेव्हा त्याची हरकत नव्हती. त्याने बाळ नव्या हॅरीच्या हातात दिलं, बर्फीचा तुकडा तोंडात टाकला आणि निघाला. दुपारी त्याला मिरजेत आणखी एका घरी जायचं होतं.

"सुश्रुत, चहा टाकू का रे?" शर्वरीच्या सासूबाईंनी, माईंनी, स्वयंपाकघरातून विचारलं.

बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाने मान वर केली नाही. माईंनी पुन्हा हाक मारली. शेवटी शर्वरीच उठून आत गेली.

"टाका," ती म्हणाली. "हॅरीला साखर कमी."