पाहुण्यांच्या डोक्यावरचा दिवा

शालिकरामच्या बैठकीत बिजलीचा दिवा लागला, तेव्हा अकोल्याच्या जुन्या शहरात त्या आठवड्यात बोलायला दुसरा विषयच उरला नाही. मोर्णा नदीच्या पलीकडे वकिलांच्या बंगल्यांत बिजली केव्हाच खेळत होती. पण अलीकडच्या अरुंद गल्लीत, तीही वांगी-मेथी पिकवून बाजारात बसणाऱ्या माळ्याच्या घरी? लोक मुद्दाम वाट वाकडी करून शालिकरामच्या खिडकीत डोकावून जात, आणि शालिकराम मुद्दाम खिडकी उघडी ठेवी.

हा सगळा खटाटोप त्याने एकाच कारणासाठी केला होता. त्याची एकुलती एक लेक शकुन अठराची झाली होती आणि तिला पाहायला नांदगाव खंडेश्वरची बागाईतदार मंडळी येणार होती. शकुन दिसायला देखणी, कामाला वाघीण आणि वर चार इयत्ता शिकलेली. अशी लेक कंदिलाच्या धुरात दाखवायची, हे बापाच्या जिवाला पटेना.

"बिजलीत पाहू द्या माही लेक," तो बायकोला, तानुबाईला म्हणाला. "अख्ख्या नांदगावात सांगत सुटतील."

दिवा कुठे टांगायचा यावरून वायरमनशी त्याची जुंपली. वायरमन म्हणे, मधोमध टांगा, सगळीकडे उजेड पडेल. शालिकराम ऐकेना.

"पावने गादीवर बसतीन अन् दिवा भलतीकडं? मान कोनाचा हाये?"

शेवटी दिवा टांगला गेला तो पाहुण्यांच्या गादीच्या बरोबर वर. मुलीचा पाट रिवाजाप्रमाणे माजघराच्या दारात मांडायचा होता आणि तिथे खांबाची सावली पडत होती, हे त्या मानपानाच्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दिवाळी होऊन तुळशीचं लग्न लागलं आणि पाहुणे आले. आले ते मात्र भर दुपारी. पुढे मुलाचे मामा चंद्रभान, लाल पागोटं बांधलेले आणि आवाजाने भरभक्कम. मागे नवरदेव देवीदास, काळ्याभोर मिशांचा, टोपी पार भुवयांपर्यंत ओढलेला. बैठकीला खिडकी एकच, त्यामुळे आत दुपारीही अंधारच असे. पाणी पिऊन होताच मामा म्हणाले, "आना पोरीले. संध्याकाळच्या गाडीनं वापस जा लागते."

पण बिजलीघरातून बिजली सुटे ती दिवेलागणीला. शालिकरामने उगीच भिंतीवरचा खटका वर केला, खाली केला. दिवा ढिम्म.

"शकुन देवळात गेली हाये जी," त्याने ठोकून दिलं.

त्याच क्षणी आतून शकुनचा खणखणीत आवाज आला, "माय, पोह्यात मीठ टाकलं का व?"

"ते शेजारची हाये," शालिकराम घाईने म्हणाला. "चला मामाजी, तवरोक मळा दाखोतो."

मळा दाखवायला दोघेच गेले. देवीदासला म्हणे ऊन सोसत नव्हतं, तो बैठकीतच आडवा झाला. शालिकरामने मामांना वांग्याचा वाफा दाखवला, मेथीचा दाखवला, विहीर दाखवली, मोटेचे बैल दाखवले. सूर्य काही हलेना, म्हणून पुन्हा वांग्याच्या वाफ्यावर आणलं. मामा चिडले.

"शालिकरामजी, तुमी पोरगी दाखोता का वांगे?"

परत आल्यावर चहा झाला, पोहे झाले, पुन्हा चहा झाला. मोर्णेपलीकडे गाडीची शिटी वाजली आणि पाहुण्यांची गाडी पाहुण्यांवाचून गेली. आता मामांचा आवाज गल्लीभर ऐकू जायला लागला.

"काहून लपवून राहिले पोरीले? डोळ्यानं अधू हाये का पायानं?"

शालिकराम आत आला तर तानुबाई चुलीपुढे डोळे पुसत होती. "तुमच्या त्या दिव्यापायी माह्या लेकीचं नाव खराब होऊन राहिलं," ती म्हणाली. "उद्या गावोगाव सांगतीन, पोरीत खोट हाये म्हनून. मंग कोन येईन दारात?"

आपल्या हौसेपायी लेकीचा संसार मांडायच्या आधीच मोडतो की काय, या विचाराने शालिकराम पहिल्यांदा घाबरला. शकुन मात्र शांतपणे कपबश्या पुसत होती.

आणि दिवा लागला. खटका दुपारपासून खालीच राहिला होता, त्यामुळे सगळी बैठक एकदम झगझगली. खिडकीबाहेर जमलेल्या अर्ध्या गल्लीने दिवेलागणीचे हात जोडले. मामांनीही नकळत पागोट्याला हात लावून नमस्कार केला. शालिकरामची छाती वीतभर फुगली.

"शकुन, ये व बाई," त्याने हाक मारली.

पण शकुनच्या आधी तुडतुडे आले. दिवाळीच्या सुमाराचे ते हिरवे बारीक किडे कंदिलावर दहा-वीस येत. बिजलीवर सगळ्या मळ्यांतले आले आणि दिव्याखाली जो बसला होता त्याच्या अंगावर पडू लागले. देवीदासने मान झटकली, कान झटकला. एक चुकार तुडतुडा टोपीत शिरला. शकुन चहाचा ट्रे घेऊन दारात आली, तेव्हाच त्याने कासावीस होऊन टोपी काढली.

मामांनी नवरदेवाचं वय पंचवीस सांगितलं होतं. मिशी पंचविशीची होती, कानांजवळचे केसही तसेच होते. टोपीखालचं सारं डोकं मात्र कापूस वेचणीला आलेल्या पऱ्हाटीसारखं पांढरं होतं. कलप लावणाऱ्याने टोपीबाहेर दिसेल तेवढंच काळं केलं होतं.

मुलीने पाहण्याच्या वेळी मान वर करायची नसते, पण शकुन खांबाच्या सावलीत होती. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं आणि तिला सगळं लख्ख दिसत होतं. तिने ट्रे खाली ठेवला. डोक्यावरचा पदर सारखा केला, पुढे आली आणि वडीलधाऱ्यांच्या पडावं तशी देवीदासच्या पाया पडली. मग मामांकडे वळून अदबीने विचारलं, "अन् नवरदेव कोठी हायेत जी?"

खिडकीतून आधी एक खोकला आला, आणि मग सगळी गल्ली हसत सुटली.

मामा तांबडेलाल झाले. "येवढा उजेड कायले पायजे मानसाले?" ते ओरडले. "बंद करा तो दिवा."

पाहुण्याचा शब्द पडू द्यायचा नाही, या सवयीने शालिकरामचा हात खटक्याकडे गेला. पण त्याची नजर लेकीकडे गेली. ती ताठ उभी होती. रडत नव्हती, लाजतही नव्हती. आपण हिला लोकांना दाखवायला निघालो होतो, आणि हिने लोकांना पाहून घेतलं, हे बापाच्या डोक्यात उतरलं. त्याने हात मागे घेतला.

"बसा मामाजी," तो म्हणाला. "आता सकाळशिवाय गाडी नाई. अंधारात कसे जेवान?"

पाहुणे त्याच दिव्याखाली जेवले. तानुबाईने आग्रह करकरून वाढलं आणि मामांनी मान वर केली नाही.

पुढच्या वर्षी शकुनला अमरावतीचं चांगलं स्थळ मिळालं. पण त्याआधीच गल्लीतल्या चार मुलींच्या बापांनी पाहण्याच्या कार्यक्रमासाठी शालिकरामची बैठक मागून घेतली. मुलाकडच्यांचा निरोप हटकून यायचा, दुपारीच उरकून घेऊ. मुलीचा बाप शालिकरामकडे पाहायचा आणि शालिकराम मिशीवर हात फिरवत सांगायचा, "दिवेलागणीले या म्हना." मुलीकडच्यांनी वेळ सांगायची आणि मुलाकडच्यांनी ती पाळायची, असं त्या गल्लीत त्याआधी कधी झालं नव्हतं.