टाकले पंधरा, निघाले अठरा

"मना हातखाल गयेल जुवारीमा एक खडा दखाडा, मी सूपमा पानी भरीसन सोनगीरना किल्लावर चढसू!"

सुगंधाबाई हे बोलल्या तेव्हा सोनगीरच्या बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, शेडमध्ये पंधरा बायका होत्या, आणि पंधराही जणींनी ते ऐकलं. बोलणं तसं गावाला नवं नव्हतं. दर उन्हाळ्यात त्या हे एकदा तरी म्हणत. पण या वेळी समोर उभा होता हितेंद्र. धुळ्याच्या देवपुरातला, अन्नाच्या तपासणीची पदवी घेतलेला, पांढरा कोट, डोक्यावर जाळीची टोपी. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं त्याला पाठवलं होतं. बायकांच्या गटाचे ज्वारीचे बिबडे कंपनी वर्षभर घेणार होती, मालात बाहेरचं काही नाही अशी याची खात्री पटली तर!

"अक्का, तसं चढायची गरज नाही," हितेंद्र गोड हसला. "आता मशीन आलंय. निवडायला बसणाऱ्या पाच जणींना उद्यापासून सुट्टी."

सुट्टी! माणसाची भाकर काढून घेताना शिकलेले लोक किती छान शब्द वापरतात पाहा. निवडणाऱ्या त्या पाच जणींमध्ये भागाबाई होती, रत्ना होती, आणखी दोघी होत्या आणि त्यांच्या म्होरक्या सुगंधाबाई. ज्वारी भिजण्याआधी, दळण्याआधी, तिचा घाटा शिजून कापडावर पसरण्याआधी तिचा दाणा न् दाणा या पाच जणींच्या बोटांखालून जायचा. आणि हा पोरगा, ज्यानं जन्मात वाटीभर तांदूळ निवडला नसेल, तो येऊन सुट्टी देतो!

"मशीनले डोया शेतस का?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"डोळ्यांची गरजच नाही. दाखवतो."

गटाच्या अध्यक्ष प्रमिलाबाई पुढे झाल्या. मशीन आणायचं त्यांच्याच डोक्यातून निघालेलं. त्यांनी त्याला हार घातला होता, हळदकुंकू लावलं होतं, आणि आता नव्या सुनेच्या शेजारी सासू उभी राहते तशा त्या मशीनला खेटून उभ्या होत्या. मशीन म्हणजे एक सरकता पट्टा आणि त्यावर कमान. कमानीखालून पुडी जायची. पुडीत धातू असला की मशीन ओरडायचं आणि थांबायचं.

हितेंद्रनं बटण दाबलं. रिकामा पट्टा सरकला.

टीं टीं टीं!

"पट्टावर त काहीच नही," रत्ना म्हणाली.

"आसपास धातू हलला तरी कळतं त्याला," हितेंद्र अभिमानानं म्हणाला. "दागिने काढा सगळ्यांनी."

शेडमध्ये अशी शांतता पसरली की शेजारच्या तोताराम तांबटाच्या हातोडीचे ठोके मोजता यावेत.

"बठ्ठा?" भागाबाईनं विचारलं.

"सगळे. मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी. काचेच्या बांगड्या राहू द्या."

"चाळीस वरीसमा नवरासमोर जोडवी काढी नही, आते मशीनसमोर काढू? हाई मशीन काय मना सासरा शे?"

पण कंपनीची ऑर्डर! बायकांनी पदराआड मानेला हात घातले. रत्नाच्या पाटल्या साबणानं निघाल्या. भागाबाईची जोडवी निघेनात. दोघींनी तिला धरलं, तिसरीनं तेल ओतलं, चौथीनं ओढलं, आणि जोडवी निघाली तेव्हा भागाबाई, तेल आणि ओढणारी अशा तिघी ज्वारीच्या पोत्यावर जाऊन आदळल्या. सगळे दागिने प्रमिलाबाईंनी एका कापडात बांधले. अध्यक्ष म्हणून जबाबदारी त्यांचीच होती ना!

हितेंद्रनं बटण दाबलं.

टीं टीं टीं!

"तांबटाची भांडी," तो म्हणाला. रत्ना पळत जाऊन तोताराम तांबटाला हंडा ठोकायचं थांबवून आली. तोताराम काय झालं ते बघायला हंडा घेऊनच दारात आला. त्याला हंड्यासकट हाकललं.

टीं टीं टीं!

आता हितेंद्रला घाम फुटला. त्यानं स्वतःचं घड्याळ काढलं. टीं! अंगठी काढली. टीं! पट्ट्याचं बक्कल लोखंडी म्हणून कमरेचा पट्टा काढला, बुटांत खिळे असतील म्हणून बूट काढले. टीं टीं टीं! एका हातानं पँट धरून, अनवाणी, तेल सांडलेल्या फरशीवर तो मशीनभोवती प्रदक्षिणा घालत होता, आणि दर फेरीला मशीन त्याच्यावर ओरडत होतं.

"भो," सुगंधाबाई परातीवरून मान न उचलता म्हणाल्या, "आते काय काढशी?"

बायका हसून लोळल्या. हितेंद्रचे कान लाल झाले.

"अध्यक्ष मॅडम, मशीनवाल्याला फोन करा."

प्रमिलाबाई फोन आणायला लांब गेल्या. मशीन गप्प! फोन घेऊन परत आल्या. टीं टीं टीं! सुगंधाबाईंनी एकदाच वर पाहिलं. चाळीस वर्षं ज्वारीतून खडा वेचणारी नजर ती. तिला प्रमिलाबाईंच्या कमरेचा फुगवटा दिसायला कितीसा वेळ लागणार?

"प्रमिला, तुनी कंबरमा काय शे?"

"दागिना. बठ्ठ्यास्ना. सांभायी ऱ्हायनू ना मी!"

सगळ्या गावाचं सोनं-चांदी कमरेला खोचून बाई मशीनला खेटून उभी होती! हितेंद्रनं कपाळावर हात मारला. पँट धरलेला हात होता, म्हणून घाईनं परत खाली नेला. "माय वं!" तो म्हणाला. धुळ्याची पदवी गळून पडली आणि आईची बोली बाहेर आली.

गाठोडं बाहेर ओट्यावर गेलं. मशीन शहाण्यासारखं चालू लागलं. पट्टा, बूट, अब्रू सगळं जागच्या जागी बसवून हितेंद्र पुन्हा साहेब झाला. पण सुगंधाबाईंच्या डोक्यात मघापासून एक गोष्ट टोचत होती.

"काचन्या बांगड्या का ऱ्हाऊ दिन्यात?"

"काच त्याला कळत नाही, अक्का."

"आनि खडा?"

"खडा... खडा पण नाही. धातूच फक्त."

"केस? सुतळी? प्लास्टिक?"

हितेंद्रनं डोक्यावरची जाळीची टोपी सारखी केली.

आता मात्र सुगंधाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पण उठल्या अशा की प्रमिलाबाई दोन पावलं मागे सरल्या.

"म्हणजे जे मशीन आंधयं शे, त्यान्हाकरता डोयावाल्या घर जातीन? कोन्ही ठराव्हं हाई? पुण्यानी? कागदवर? ऐका साहेब. तुम्ही जुवारीमा पंधरा वस्तू टाका. मशीन कितला धरस ते देखू, मी कितला धरस ते देखू. मशीन जितनं त आम्ही पाची जनी घर जातस. मी जितनू त निवडनं चालूच ऱ्हाई. मंजूर?"

पंधरा बायकांसमोर पँट धरून नाचलेल्या माणसाला नाही म्हणायची सोय उरलेली नसते. "मंजूर," हितेंद्र म्हणाला. "मी बाजारातून ज्वारी आणतो."

"बाजारनी नको! तिन्हामा पह्यलेपासूनच खडा ऱ्हातस. मंग तुमना कोनता नि दुकानवालाना कोनता, कसं समजी? हाई पोतं ल्या. काल मीच निवडेल शे. एकदम साफ."

बोलणं बरोबर होतं. हितेंद्रनं त्याच पोत्यातून पाच किलो ज्वारी मोजून घेतली, आडोशाला गेला, आणि पाव-पाव किलोच्या वीस पुड्या करून आला. पंधरा पुड्यांत एकेक वस्तू, पाच रिकाम्या. कशात काय, याची यादी त्याच्या खिशात.

पुड्या मशीनखालून गेल्या. टाचणी, तारेचा तुकडा, ब्लेडचं टोक, स्टेपलची पिन. मशीननं चार पुड्या थांबवल्या, बाकीच्या सोळा हसतखेळत सोडून दिल्या.

"चार!" रत्ना ओरडली. "चार धऱ्यात फक्त!"

मग सुगंधाबाईंनी परात ओढली. पहिली पुडी ओतली, तळहातानं पसरली आणि बोटं चालू झाली. दाणे इकडे, कचरा तिकडे. बोलणं नाही, वर बघणं नाही. टाचणी निघाली. प्लास्टिकचा धागा निघाला. मुगाएवढा खडा, लांब केस, बाटलीच्या पांढऱ्या काचेचा कण, तार, पुन्हा खडा. निघालेली प्रत्येक वस्तू भागाबाई वाटीत टाकून मोठ्यानं मोजत होती. बारावी पुडी होईपर्यंत दहा झाले. सतराव्या पुडीला चौदा. अठराव्या पुडीत पंधरावी वस्तू निघाली आणि शेडमध्ये असा ओरडा उठला की तोताराम पुन्हा हंडा घेऊन दारात!

"पंधराना पंधरा! साहेब, चार कुठं नि पंधरा कुठं!"

दोन पुड्या उरल्या होत्या. त्या रिकाम्याच असणार. सुगंधाबाईंनी आपल्या रिवाजाप्रमाणे एकोणिसावी ओतली. बोटं फिरली. आणि थांबली.

खडा. ज्वारीच्याच रंगाचा, ज्वारीएवढा, दाण्यांत दडून बसलेला. शेजारी बोटभर सुतळीचा तंतू. त्यांनी विसावी ओतली. तिच्यात काचेचा कण. पांढरा नव्हे, हिरवा. त्यावर सोनेरी ठिपका.

सुगंधाबाईंनी हळूच स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. हिरवा चुडा. सोनेरी ठिपके. एका बांगडीला कपची उडालेली.

काल मीच निवडेल शे. एकदम साफ!

कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्या नाचत होत्या. हितेंद्र यादी काढून खुणा करत होता, प्रमिलाबाई त्याला चहा विचारत होत्या. तिन्ही वस्तू परातीखाली ढकलायला एक बोट पुरलं असतं. पंधराला पंधरा झालेच होते. पाचही जणींचं काम वाचलं होतं. सूप, पाणी, किल्ला, सगळं वाचलं होतं. भागाबाईनं मात्र वाकून पाहिलं, तिला कळलं, आणि ती कानाशी कुजबुजली, "अक्का, गुपचूप बठ. टाकी दे तथा."

सुगंधाबाईंच्या अंगात कसलीशी तिडीक उठली. लपवायचं? कुणापासून? जो उद्या हा बिबडा आपल्या लेकराला तळून देईल त्याच्यापासून? खडा दिसला आणि सोडला, तर मशीनमध्ये आणि आपल्यात फरक काय राहिला? मशीन निदान खोटं तरी बोलत नाही!

"साहेब!" त्या कडाडल्या. "पंधरा नही! अठरा शेतस! लिखा!"

नाच थांबला.

"अठरा कसे? मी पंधराच टाकले," हितेंद्र म्हणाला. मग त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "म्हणजे... हे तीन... तुमच्या पोत्यातले?"

"मना पोतामधला. मीच सोडेल. आनि मीच धऱ्यात. हाई बांगडीना तुकडा मनाच शे, हाऊ देखा हात."

"येडी व्हयनी का तू?" प्रमिलाबाई ओरडल्या. "ऑर्डर जाई ना!"

"जाऊ दे. पन डोयाले दिसनं ते मी नही म्हनसू नही!"

"अक्का," मागून तोताराम हंडा पुढे करत म्हणाला, "मंग सूपमा पानी कव्हय भरनार? हंडा मी देस."

"मे महिना शे, तोताराम. पानी कथं शे? आनि तुन्हाकडे पानी येयेल शे त अंगनमा सडा टाक पह्यले!"

हितेंद्रनं वाटीतल्या वस्तू पुन्हा एकदा मोजल्या. चार, पंधरा, अठरा. त्यानं कागदावर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग वाचून दाखवलं. मशीन ठेवायचं, धातूपुरतं. निवडणी हातानंच, याच पाच जणींनी. माल मंजूर.

शिट्ट्या, टाळ्या! रत्नानं भागाबाईला उचललं.

"अजून आहे," हितेंद्र म्हणाला. "प्रत्येक पोतं एकदा नाही, दोनदा निवडायचं. आणि निवडताना हातात काचेची बांगडी उघडी दिसता कामा नये."

टाळ्या मध्येच विरल्या. दुप्पट काम! सुगंधाबाई जिंकल्या होत्या, आणि आपल्यासकट पाच जणींच्या डोक्यावर एक जास्तीचं पोतं ठेवून जिंकल्या होत्या. चार जणी त्यांच्याकडे अशा बघत होत्या, जणू मशीनच बरं होतं.

आणि बांगड्या? नवरा जिवंत असताना हात उघडे? सुगंधाबाईंनी सरळ सांगितलं, "काढनार नही. झाकसू."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेडमध्ये आल्या तेव्हा बाहेर बेचाळीस अंश ऊन होतं, आणि त्यांच्या दोन्ही हातांत, मनगटापासून कोपरापर्यंत, नवऱ्याचे काळे पायमोजे होते. बोटांकडची टोकं कात्रीनं उडवलेली.

"अक्का, थंडी वाजस का?" भागाबाईनं विचारलं.

"हसू नको. तूबी तुना घरना आन."

दुपारपर्यंत पाचही जणी मोजे घालून बसल्या. सोनगीरच्या पाच नवऱ्यांनी त्या दिवशी बूट नुसत्या पायात घातले. पहिलं पोतं दोनदा निवडून झालं. सुगंधाबाईंनी परात हितेंद्रपुढे अशी ढकलली, जणू तिच्यात तोंड बघून घ्या.

हितेंद्र वाकला. चिमटा काढला. ज्वारीतून काहीतरी उचलून उजेडात धरलं. काळा, कुरळा, टीचभर धागा.

"तुमनाच टाकेल व्हई," सुगंधाबाई म्हणाल्या.

"आज मी काहीच टाकलेलं नाही, अक्का."

सुगंधाबाईंनी एकदा धाग्याकडे पाहिलं, एकदा उसवत चाललेल्या मोज्याकडे. मग मोजा कोपरावर ओढून घेतला आणि परात तिसऱ्यांदा पुढ्यात घेतली.

"मंग माले काय इचारतस? ज्यास्ना मोजा शे, त्यास्ले इचारा!"