घरातील सर्व झाकणे

गाडीतला इंजिनचा पिवळा दिवा चौथ्यांदा लागला तेव्हा लॅबवाल्यांनी कोरी वही काढली आणि त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. गल्लीत सगळे त्यांना लॅबवाले म्हणत. आयुष्यभर इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्ताच्या नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवत आल्यामुळे चिठ्ठीशिवाय कशावर त्यांचा विश्वासच बसत नसे. घरातल्या मिठाच्या बरणीवरसुद्धा 'मीठ' असं लिहून खाली तारीख घातलेली होती.

एरवी एका दिव्याचं कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण येत्या सोमवारपासून बायको अकरा वर्षांनी पुन्हा नोकरीवर रुजू होणार होती. कारखाना चाळीस किलोमीटरवर, पद सुरक्षा अधिकाऱ्याचं, आणि त्या बाजूला बसचा पत्ता नाही. म्हणून तर दोन महिन्यांपूर्वी ही जुनी गाडी घेतली होती. गाडी नाही तर नोकरी नाही, इतकी सरळ गोष्ट. सोमवारच्या आत दिवा घालवून दाखवतो, असं लॅबवाल्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. मात्र दिवा लागलेला असताना तुला एकटीला पाठवणार नाही, असंही त्याच दमात सांगून बसले होते.

मेकॅनिकने यंत्र लावून निदान केलं, की टाकीतल्या पेट्रोलची वाफ कुठूनतरी गळतेय. त्याने टाकीला नवंकोरं झाकण बसवलं आणि यंत्रानेच दिवा घालवला. चार दिवसांत दिवा हजर. मग त्याने नळी बदलली, पुन्हा दिवा हजर. झडप बदलल्यावरही तेच झालं तेव्हा त्याने हात टेकले. आता नुसता दिवा पुसून उपयोग नाही, खरी गळती शोधा, ती थांबली की तीन-चार दिवस गाडी फिरवल्यावर दिवा आपला आपण विझेल, असं म्हणून तो दुसऱ्या गाडीखाली शिरला.

लॅबवाल्यांनी वहीत रकाने आखले. दिवा कधी लागला, हवा कशी होती, गाडी कोण चालवत होतं. चारही वेळा गाडी चालवत होती बायको.

"म्हणजे तुमच्या वहीप्रमाणे बिघाड माझ्यात आहे," ती म्हणाली.

"मी फक्त नोंद केलीय."

"मी जायला नको असेल तर सरळ सांगा ना. दिव्याच्या आड कशाला लपताय?"

हे मात्र त्यांना लागलं. तिने जावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. कपाटातला जुना ओळखपत्राचा बिल्ला ती अधूनमधून पुसून ठेवते, हे त्यांनी पाहिलेलं होतं. पण भर रस्त्यात गाडी बंद पडून ती एकटी उभी आहे, हे चित्रही डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ते काही बोलणार, तेवढ्यात तिने तणतणत कॉफीची बरणी झाकणाला धरून उचलली. झाकण हातात राहिलं आणि कॉफी फरशीवर.

"या घरात एक झाकण धड लावाल तर शपथ!"

झाकणं सैल ठेवण्याच्या या आरोपाखाली लॅबवाले अठरा वर्षं शिक्षा भोगत होते. सुरुवातीला ते नाही म्हणत. पुढे पुढे आपणच लावत नसू, असं त्यांनाही वाटू लागलं. टेबलाशी बसलेले त्यांचे बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता पाय तेवढे उचलून बसले. इस्पितळाचा बॉयलर सांभाळून निवृत्त झालेला तो माणूस, घरच्या भांडणात पडत नसे.

गुरुवारी लॅबवाल्यांनी गाडीच्या नळीवर, झडपेवर, प्रत्येक सांध्यावर सहीची चिठ्ठी चिकटवली. एक उरली, ती उगाच टाकीच्या झाकणावर लावली. शुक्रवारी सकाळी पाहतात तर बाकी सगळ्या चिठ्ठ्या जागच्या जागी आणि झाकणावरची फाटलेली. पेट्रोलचोर! संध्याकाळी सहाला ते खिडकीच्या पडद्याआड छत्री घेऊन दबा धरून बसले. काय चाललंय म्हणून विचारायला आलेली बायकोही मग तिथेच बसली.

साडेसहाला बाबा फिरून आले. गाडीपाशी थांबले, टाकीच्या तोंडावरचं पत्र्याचं दार उघडलं, झाकण अर्धा फेरा उलटं फिरवलं, कान लावून फुस्स ऐकलं आणि गाडीच्या पाठीवर थाप मारली. मग घरात येऊन हात धुतले, स्वयंपाकघरात शिरले आणि ओळीने जॅमची बरणी, साखरेचा डबा, कॉफी, थर्मास, सगळ्यांना अर्धा अर्धा फेरा दिला. दाराशी दोघं आ वासून उभे होते.

"बाबा, हे काय करताय?" लॅबवाल्यांनी विचारलं.

"पाळी संपली की अर्धा फेरा सैल," बाबा म्हणाले. "बंद भांड्यात वाफ कोंडून झोपायचं नसतं. एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला, एक नट उडाला नाही. तुमच्या घराचंही तेच बघतोय, निवृत्त झाल्यापासून."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर अठरा वर्षं एकदम उमटली. "मी तुम्हाला उगाच बोलले," ती हळूच म्हणाली. लॅबवाल्यांना त्या क्षणी वहीची फार आठवण झाली. पण आधी बाबांना पेट्रोल आणि बॉयलर यांतला फरक समजावायला हवा, म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तशी बाबांची मान ताठ झाली. कालच्या पोराने आपल्याला वाफ शिकवावी, हे त्यांना चालण्यासारखं नव्हतं.

बायकोने नवऱ्याचा दंड दाबला. असा माणूस मुलाचं ऐकणार नाही, लेखी आदेश मात्र मोडणार नाही, हे तिला नोकरीतून ठाऊक होतं. तिने कागद आणि पट्टी घेतली, ठळक अक्षरांत लिहिलं आणि कागद बाबांपुढे धरला. "बाबा, नवा आदेश आलाय."

बाबांनी चष्मा लावला. आजपासून घरातील सर्व झाकणे टक आवाज येईपर्यंत घट्ट लावावीत. जबाबदार व्यक्तीने वेळ नोंदवून सही करावी. सुरक्षा अधिकारी. कागद त्यांनी दोनदा वाचला.

"सही कुठं करायची?" एवढंच त्यांनी विचारलं.

शनिवार-रविवार बायकोने गाडी मनसोक्त फिरवली. सोमवारी सकाळी दिवा लागलेलाच होता.

"गळती सापडलीय, बंद झालीय," ती स्टिअरिंगपाशी बसून म्हणाली. "आता सांगा, जाऊ?"

लॅबवाल्यांनी टाकीचं झाकण हाताने चाचपलं. "जा," ते म्हणाले.

दुपारी एकला लॅबमध्ये तिचा फोन आला तेव्हा त्यांनी हातातली काचेची नळी चिठ्ठी न लावताच खाली ठेवली.

"दिवा?"

"तो कारखान्याच्या फाटकाशीच विझला. वेगळंच झालंय. माझा डबा उघडत नव्हता."

तिने खटपट केली, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी केली, दोन वेल्डरांनी जोर लावला, मॅनेजर बाह्या सरसावून आले, आणि शेवटी बॉयलरवरच्या माणसाने मोठा पाना आणून झाकण फिरवलं. पहिल्याच दिवशी अख्खं कँटीन तिला ओळखू लागलं होतं. बॉयलरवाल्याने तर, हे झाकण लावणारे गृहस्थ कुठं कामाला होते, अशी आदराने चौकशी केली होती.

"बाबांना सांगू?" लॅबवाल्यांनी हसत विचारलं.

"मुळीच नाही. चूक माझी. आदेशात 'सर्व' मीच लिहिलं." ती जरा थांबली. "आणि झाकणावर चिठ्ठी आहे. 'घट्ट. सकाळी सात दहा.' खाली सही. त्याखाली लिहिलंय, 'सांभाळून जा, पोरी.'"

लॅबवाल्यांचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवून त्यांनी आपला डबा पुढे ओढला. त्यावरही चिठ्ठी होती: घट्ट, सात अकरा, आणि सही. इतकी नेटकी चिठ्ठी त्यांनी स्वतःही कधी लावली नव्हती. त्यांनी झाकणाला हात घातला, दोनदा जोर केला, आणि शेजारच्या खोलीतल्या क्ष-किरणवाल्याला हाक मारली.